मेजाभोवतीचं कुंपण

पौडच्या बाजारातल्या बायका मला तोंडावर विचारायच्या, "तुमच्यात मेणबत्ती न्हाई, मूर्ती न्हाई, भितीवर क्रूससुदिक न्हाई. मग हाय तरी काय गं तुमच्यात?" मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, तोंडानं फटकळ, आणि वांग्याच्या वाट्यावरून निम्म्या बाजाराशी भांडून झालेली. त्यांना मी उत्तर द्यायचे नाही, "वजन नीट कर" एवढंच म्हणायचे. घरी येऊन अप्पांना तोच प्रश्न विचारला, तर ते म्हणाले, "शब्द हाय." आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं.

अप्पा म्हणजे माझे वडील, पौडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. कुठली गाडी कुठं लागली, कुठली रद्द झाली, हे सांगणारा त्यांचा आवाज दिवसभर भोंग्यातून गावावर फिरायचा. आई त्या आवाजावर स्वयंपाक करायची. ताम्हिणीची गाडी पुकारली की डाळ उतरवायची, स्वारगेटची पुकारली की भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. रविवारी हाच आवाज स्तोत्राचा पहिला सूर धरायचा. आमच्याकडे पेटी नव्हती, तबला नव्हता. स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं, आणि तीही नुसत्या गळ्यानं. अप्पांनी सूर कधी कधी इतका वर धरलेला असायचा की बायकांना तिथवर पोचता यायचं नाही, पण त्यांना मध्येच थांबवणार कोण?

आमची उपासना भाताच्या गिरणीमागच्या पत्र्याच्या खोलीत व्हायची. घरं चौदा, बहुतेक नगरकडून नोकरीनिमित्त आलेली. दारावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सुधारित ख्रिस्ती मंडळी'. गिरणीवर भात घेऊन येणारे शेतकरी ते वाचून हसायचे. "सुधारित म्हंजे संकरित का वो?" असं एकानं अप्पांना विचारलं होतं. अप्पांना विनोद कळायचा नाही असं नाही, पण या बाबतीत कळायचा नाही. ते उन्हात उभं राहून त्या माणसाला पाव तास समजावत होते, की माणसानं देवाच्या उपासनेला स्वतःच्या मनानं जे जे चिकटवलं ते खरवडून काढायचं, आणि शास्त्रात सांगितलंय तेवढंच ठेवायचं. हे काम एकदा करून संपत नाही, मंडळीला शब्दानं रोज तासावं लागतं. पाळक असो, राजा असो, सगळे त्या शब्दाच्या खाली. "म्हंजे तुमच्या देवळात मालक कोणच न्हाई," शेतकरी म्हणाला. "मालक हाय," अप्पा म्हणाले, "पन तो हितं राहत न्हाई." माणूस पोतं उचलून निघून गेला.

मला त्या धर्माचा कंटाळा नव्हता, राग होता. रविवारी विकायचं नाही, विकत घ्यायचं नाही, चूलही पेटवायची नाही. शनिवारीच भाकरी थापून ठेवायच्या आणि रविवारी ठेच्याबरोबर त्या वाळक्या भाकरी चावायच्या. हे सुद्धा मी सहन केलं असतं. पण त्यांचा मुख्य मुद्दाच माझ्या स्वभावाला लागत होता. मेजावर बसण्याआधी, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आणि पेला घेण्याची परवानगी मिळण्याआधी, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळासमोर उत्तरं द्यावी लागत. रणपिसे पाळकांनी मला विचारलं, "तुझं तारण कशानं?" मी पाठ केलेलं सांगितलं, "केवळ कृपेनं." "तुझ्या बाजूनं काय घालशील?" "काही नाही." उत्तरं बरोबर होती, मला परवानगी मिळाली. पण बाहेर पडताना मी मनात म्हणत होते, हा कसला व्यवहार, ज्यात आपल्याला काही घालूच देत नाहीत? जिथं आपण काही दिलं नाही तिथं आपला हक्क कशावर? आजही माझ्याकडून कुणी फुकट काही घेऊन दाखवावं आणि मला फुकट देऊन दाखवावं.

दान्या, माझा धाकटा भाऊ, त्याच्या थोडं आधी, त्याच पावसाळ्यात नदीत बुडून गेला. सोळा वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी बबननं, नदीत जाळं टाकून मासे धरणाऱ्या माणसानं, त्याला बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाहिलं आणि बाहेर काढलं. अप्पांनी आईला अडवलं होतं. ती त्यांचा हात झटकून पुढं गेली आणि तिनं चादर बाजूला केली. तिनं काय पाहिलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मी मागं होते, मला पाय दिसले. त्यानंतर आई प्रार्थनेला डोळे मिटेनाशी झाली. जेवणाआधी अप्पा डोळे मिटून आभार मानायचे, आणि आई डोळे सताड उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. बबनला ती दर आठवड्याला बोलावून स्वयंपाकघरात जेवू घालायची. तो मान खाली घालून जेवायचा आणि जाताना म्हणायचा, "येतो आक्का."

दान्याचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून फ्रेम करायला आई तांबोळीचाचांच्या दुकानात गेली. चाचांचं बाजारात काच-फ्रेमचं दुकान होतं. त्यांनी दान्याच्या फोटोचं काम करून दिलं आणि वर एक तसबीर कागदात गुंडाळून आईच्या हातात ठेवली. कुण्या गिऱ्हाइकानं करायला टाकलेली आणि न नेलेली. येशू, मांडीवर कोकरू, मागं हिरवं कुरण. "तुमच्या देवाची हाय भाभी, हितं पडून ऱ्हाण्यापरास तुमच्याकडं असू द्या. आमच्या घरात बी असली चालत न्हाई, पन धंदा करायचा तर समद्यांचे देव पुसावं लागत्यात." आईनं ती तसबीर आणून स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपाच्या वर, भिंतीला खिळा ठोकून लावली.

आमच्या मंडळीत ही लहान गोष्ट नव्हती. देवाची कसलीही प्रतिमा करायची नाही ही आज्ञा आमच्याकडे येशूच्या चित्रालाही लागू धरत. अप्पा वडीलमंडळातले. त्यांनी ती पाहिली, आणि महिनाभर त्या भिंतीकडे पाठ करून जेवले. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांनी सोडून दिलं. मी त्यांना तेव्हा फारसं ओळखत नव्हते.

वर्षातून चारदा प्रभुभोजन असायचं, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात पाळक आणि वडीलमंडळातलं कुणीतरी घरोघरी भेटीला यायचे. कुणाचं कुणाशी भांडण आहे का, मन स्वच्छ आहे का, असं विचारायचे, पोहे खायचे, प्रार्थना करून उठायचे. आमच्याकडे रणपिसे पाळक आणि शिंदे मास्तर आले. पाळक हात धुवायला आत मोरीकडे गेले आणि तिथंच तसबिरीसमोर उभे राहिले. मग मास्तरही आत गेले. मी पोह्यांवर खोबरं घालत होते.

"ताई, हे उतरवावं लागेल," पाळक म्हणाले. ते सौम्य माणूस होते, त्यामुळंच त्यांचा जास्त राग यायचा.

"मी त्याला पुजत न्हाई," आई म्हणाली. "हळद वाहत न्हाई, फूल वाहत न्हाई."

"नसाल. पण प्रार्थना करताना त्याच्याकडे पाहता ना?"

"पाहते."

"त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही, ताई. रंगवणाऱ्यानं आपल्या मनानं काढलाय. हा चेहरा खोटा आहे."

"मला ठावं हाय खोटा हाय ते," आई म्हणाली. "मला खोटाच पायजे. खरा बगितलाय मी."

अप्पा दारात उभे होते. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पाळकांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं आणि त्यांना माफ केलं नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, की हे भिंतीवर आहे तोवर तुम्ही मेजापासून थांबा, रविवारपर्यंत विचार करा. मेजाला कुंपण घालणं म्हणतात आमच्यात. कुणी यावं, कुणी थांबावं, हे वडीलमंडळ ठरवतं.

मी त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत धावले. अनवाणी. सौदा माझ्या रक्तात आहे. म्हटलं, पुढच्या प्रभुभोजनापर्यंत मुदत द्या, तोवर मी तिचं मन वळवते. म्हटलं, तसबीर कपाटात ठेवली तर? भिंतीकडे तोंड करून टांगली तर? फक्त कोकरू दिसेल अशी झाकली तर? मास्तर म्हणाले, "पोरी, हा भाजीचा वाटा नव्हे." पाळक म्हणाले, "आमचं असतं तर आम्ही सोडलं असतं. आमचं नाही." मी म्हणाले, "मग ज्याचं आहे त्याला बोलवा." मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी परवानगीसुद्धा काढून घेतील असं मला वाटलं. घेतली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी, आईला मेजापासून थांबवायचं का यावर मत द्यायला वडीलमंडळ बसलं. मी गिरणीच्या कोंड्याच्या पोत्यांवर उभी राहून खिडकीतून पाहत होते. आत तिघंच. पाळक अप्पांना म्हणाले, "तुमच्या घरची गोष्ट आहे. तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल." अप्पा म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी मी आत बसलो. माझ्या घरी भाईर कसा बसू?" आणि हात वर केला. सगळ्यात आधी. इतक्या वर्षांत मी किती माणसांशी भांडले, कोर्टातसुद्धा उभी राहिले, पण तो हात मला दिसतो तसं दुसरं काही दिसत नाही. बाही दुमडलेली होती आणि मनगटावर एसटीच्या कार्बनचा निळा डाग होता.

आईला मेजाचं किती वेड होतं ते त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. दान्या गेल्यावर तिनं एकदाच भाकरीचा तो तुकडा घेतला होता आणि घरी आल्यावर म्हणाली होती, "तेवढ्या वेळापुरतं तो माझ्याजवळ बसल्यागत वाटलं." तसबीर असेल तर मेज नाही, आणि मेज हवं तर तसबीर नाही. ती ठरवणार नव्हती. म्हणून मी ठरवलं.

शनिवारी दुपारी आई दळण आणायला गेली तेव्हा मी तसबीर उतरवली. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला, बाकी सगळी भिंत धुरानं पिवळी. जाळावी असं मनात होतं. चुलीपाशी बसलेही. जमलं नाही. मी सुधारित मंडळीची मुलगी, माझ्या लेखी तो कागद होता, पण त्या कागदाला डोळे होते. मग गावातल्या बायका जुन्या झालेल्या देवांच्या तसबिरींचं जे करतात ते मी केलं. ओढणीत गुंडाळून पुलावर गेले आणि नदीत सोडली. खाली दगडावर आपटून काच फुटल्याचा आवाज आला. लाकडी फ्रेम पाण्यावर आली, चेहरा वर करून, आणि सावकाश बंधाऱ्याच्या दिशेनं गेली. तिथं उभी असताना मला एकदाही सुचलं नाही की मी ती कुठं सोडतेय. हे कुणाला खरं वाटणार नाही. मलाही वाटत नाही.

आई आली. पीठ ठेवलं. भिंतीकडे पाहिलं. भाकरीला बसली. अप्पा ड्यूटीवरून आले, जेवायला बसताना त्यांनी पहिल्यांदा महिनाभरानं त्या भिंतीकडे तोंड केलं, आणि त्यांचा घास हातातच राहिला. त्यांना वाटलं, तिनं काढली. तिला वाटलं, त्यांनी काढली. दोघंही एकमेकांना विचारणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या भरवशावरच मी गप्प बसले. हात धुताना अप्पा एक स्तोत्र गुणगुणत होते. पिंपापाशी आई स्वतःशीच हळू म्हणाली, "बरं झालं. माज्या हातानं झालं नसतं."

रविवारी ती पांढरी साडी नेसून आली. अप्पांनी पाळकांना दारातच सांगितलं, "तिनं काढली." पाळकांनी आईला सलाम केला आणि पुढच्या बाकावर बसवलं. मीही शेजारी, पहिल्यांदाच मेजाला. स्तोत्र झालं, वचन झालं. पाळक मेजामागं उभे राहून, कुणी यावं आणि कुणी थांबावं ते सांगायला लागले, तेव्हा दारात बबन आला. चपला बाहेर काढून, डोक्यावरचा टॉवेल हातात घेऊन. काखेत ती फ्रेम. त्याला वाटलं, बाईची वस्तू आहे, बाईला लवकर मिळावी. आपण काहीतरी चांगलं करतोय म्हणून त्याचा चेहरा उजळलेला होता. तो सरळ आईपाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आक्का, तुमच्या पिंपावरचा देव. बंधाऱ्याला घावला, जाळ्यात. तितंच, आपल्या जागंला."

आईनं ती मांडीवर घेतली. हिरवं कुरण होतं. कोकरू होतं, पांढरा झगा होता. वर, जिथं काच फुटली होती तिथून पाणी शिरून कागदाचा लगदा झाला होता, आणि तो गळून गेला होता. चेहरा नव्हता.

ती किती वेळ पाहत होती मला सांगता येणार नाही. मग तिनं मान वर करून अप्पांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "टाकायचाच हुता तर तितं टाकलासा?"

अप्पांना कळलं नाही. त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. मी बाकाची कड घट्ट धरली होती. मी बोलणार होते. मी आजही शपथेवर सांगते, मी बोलणार होते, मला फक्त एक श्वास हवा होता. पण अप्पा उठून उभे राहिले आणि भोंग्यावरच्या त्या आवाजात म्हणाले, "चुकलं माजं."

त्या माणसानं उभ्या आयुष्यात गाडीची वेळसुद्धा खोटी सांगितली नव्हती. आणि तासाभरापूर्वी दारात पाळकांना दुसरंच सांगितलेलं. पाळक त्यांच्याकडे पाहत राहिले. मंडळी खाली पाहत राहिली. मग, करायचं काय हे कुणाला न सुचल्यामुळं, भाकरीचं ताट फिरलं. आईनं न घेता पुढं केलं. अप्पांनीही न घेता पुढं केलं. मी घेतलं. का घेतलं? कारण न घेतलं असतं तर लोकांनी माझ्याकडे पाहिलं असतं. एवढंच कारण. तो तुकडा जिभेवर कोंड्यासारखा कोरडा होता.

अप्पांनी त्याच आठवड्यात वडीलपद सोडलं. पाळकांनी खोदून विचारलं, त्यांनी काही सांगितलं नाही. आई त्यांना जेवायला वाढायची, त्यांचे कपडे धुवायची, दुखलं-खुपलं पाहायची, पण मेजावर त्यांच्याबरोबर पुन्हा बसली नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी ती मागच्या बाकावर बसायची आणि ताट आलं की पुढं करायची. आता तिला कुणी अडवलेलं नव्हतं.

मी घराबाहेर पडले. लवळ्याच्या टेकडीवर तेव्हा कॉलेजं आणि होस्टेलं उठत होती. तिथल्या कँटीनांना भाजी आणि अंडी पुरवायचं काम मी एकटीनं उभं केलं, एका टेम्पोवरून चारांवर आले. माझ्याशी भाव करताना मोठमोठे मॅनेजर घाम पुसायचे. पण रविवारी प्रार्थनेला डोळे मिटले की मला पांढरा झगा दिसायचा, कोकरू दिसायचं, आणि वर काही नाही. अजून दिसतं. आईचा आजार तिच्याकडून माझ्याकडे आला म्हणा.

शेवटच्या वर्षी आईची किडनी गेली. तिनं स्वतःच पाळकांना निरोप धाडला, मला भाकर हवी. दहा-अकरा वर्षांनी. रणपिसे पाळक आले, केस पांढरे झालेले. खाटेजवळच्या स्टुलावर त्यांनी ताट आणि पेला मांडला. अप्पा पायाशी उभे होते. आई म्हणाली, "ह्ये भाईर गेले तर घेईन."

पाळक थांबले. त्यांनी आईला समजवायला तोंड उघडलं, पण अप्पांनी हातानं त्यांना थांबवलं आणि बाहेर गेले. खिडकीच्या गजांतून मला त्यांचा अर्धा खांदा दिसत होता. पाळकांनी मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना बहुतेक संशय असावा, कारण ते बरंच थांबले. एक वाक्य लागत होतं. आई, ती मी टाकली. चार शब्द. माणूस आत आला असता, दोघांनी एका ताटातून घेतलं असतं. मी, जिनं कुणासमोर कधी तोंड मिटलं नाही, स्टुलावरचा टॉवेल सरळ करत राहिले. आईनं खाल्लं. डोळे उघडे ठेवून. आठव्या दिवशी ती गेली.

माझी अप्पांवर तक्रार आहे आणि मी ती मागं घेतलेली नाही. त्यांनी हात वर करायला नको होता. आणि नंतर मला न विचारता ते माझ्या वाटचं घ्यायला नको होतं. मी मागितलं नव्हतं. माणसाला स्वतःच्या चुकीचा तरी मालक राहू द्यावं.

दफनानंतर काही दिवसांनी मी हे त्यांना तोंडावर बोलले. ते ओसरीत तांदूळ निवडत बसले होते, आता ते काम त्यांच्याकडे आलं होतं. मी म्हणाले, "अप्पा, त्या दिवशी तुम्ही का घेतलं अंगावर? मी बोलणार होते."

"तुला परवडलं नसतं," अप्पा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "आणि तुम्हाला परवडलं?"

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आईच्या खाटेकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले.